टिटवीची अंडी वीस पावलं वर

ये गं पोरी, अशी जवळ सरकून बस. तो मोबाईल आधी पालथा घाल. तुझे समुद्राचे फोटो बघितले मी, एक न् एक बघितला. पांढरी पाखरं, वाळूतले लाल खेकडे, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहून दात काढणारी तू. सगळं छान आहे. पण खाली लिहिलंस काय? ‘आत्या, तुमच्याकडं काय हाय बघायला, नुसता फुफाटा!’ असं लिहावं का? समुद्र बघायला दिवसभर गाडीत अंग आंबवून गेलीस, आणि लातूरहून नायगावकडं यायचं म्हटलं की तुझी कंबर धरते. आता खरं तर तू तिकडं आणि मी इकडं, पण तुला मनातल्या मनात समोर बसवून मी हे कागदावर लिहून राहिले. तेव्हा मान हलवू नको. ऐक.

काठ आम्हालाही आहे. मी तर औशाकडची. माहेरी पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकणारं ताटाएवढं आभाळ. लग्न होऊन या गंगेकाठच्या गावात आले (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, एवढं पाणी, आणि कुणी त्याच्यावर झाकण कसं ठेवलं नाही!

खाली काही कोसांवर बंधारा आहे. पावसाळ्यात त्याची दारं उचलतात, तेव्हा गंगा तांबडी होऊन पळते. दरडीची ढेकळं धाडधाड पाण्यात पडतात, आणि गावातली म्हातारी माणसंसुद्धा काठाजवळ जाताना नातवाचा हात धरतात. दिवाळीच्या आगेमागे दारं टाकली की पाणी थांबतं, निवळतं, फुगून गावाजवळ येतं. मग थंडीचे पाहुणे. तांबूस चकवे, म्हणजे चक्रवाक बदकं, जोडीजोडीनं येतात. करकोचे रांग धरून येतात, आधी आवाज येतो आणि बऱ्याच वेळानं पाखरू दिसतं. ते हरभऱ्यात उतरले की माणसं डबे वाजवत पळतात. मीही पळते, पण जरा सावकाश पळते. होळी झाली की पाणी उतरायला लागतं. रोज सकाळी काठ थोडा आत सरकलेला. आधी गाळ उघडा पडतो, मग वाळू. गाळात आम्ही काकडी-टरबुजाचे वेल लावतो, आणि वाळूवर पाखरं अंडी घालतात. काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा सुरय वरून दगडासारखा पाण्यात पडतो आणि चांदीचा मासा घेऊन उठतो. तुझ्या फोटोतली पाखरं बघितली ना, त्यांचाच हा भाऊबंद. फरक एवढाच की आमच्याला मीठ लागत नाही.

टिटवी मात्र बारमाही आमची. थंडीत गव्हाच्या बांधावर, पावसात रस्त्याच्या कडेला, उन्हाळ्यात वाळूवर. तिचं घरटं म्हणजे पायानं उकरलेला खळगा, भोवती खडे आणि शेळीच्या लेंड्या. बस्स. पण भर दुपारी, वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही तेव्हा, ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर आपण घडी ठेवतो, तशी. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, वेलांना पाणी घालता घालता माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आणि गावात तिच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. रोहिणी नक्षत्र लागलं की भोयांच्या आळीतले एक म्हातारे मामा काठानं हिंडून अंडी बघून येतात. अंडी खाली पाण्याजवळ असली तर पाऊस रेंगाळणार. उंचावर असली तर लवकर येणार, लई येणार. जितकी अंडी तितके महिने पाऊस. आता सगळ्यांच्या मोबाईलवर हवामान येतं. तरी पेरणीच्या आठवड्यात माणसं मोबाईल बघतात आणि मग मामांच्या ओट्यावर जाऊन बसतात.

इथवर शोभा झाली. आता जे सांगायचं आहे ते सांगते. चार वर्षांखाली याच काठावर माझ्या हातानं एक गोष्ट झाली, आणि तिच्यापायी माझ्या थोरल्या जावेच्या पेरणीवर गदा आली.

त्या वैशाखात माझ्या काकडीच्या वेलांपलीकडं, अगदी पाण्याजवळच्या वाळूत टिटवीनं चार अंडी घातली होती. मातकट, वर काळे शिंतोडे. नजर हटली तर पुन्हा सापडत नाहीत अशी. मी दोन वेल सोडून दिले, तिकडं घागर न्यायची नाही म्हणून. तोवर गावात निरोप आला, वरच्या धरणातनं पिण्याचं पाणी सुटणार, आठ दिवसांत काठ चढेल, काठावरच्या पाण्याच्या मोटारी वर घ्या. सगळा गाव मोटारी ओढून राहिला होता आणि मी अंड्यांकडं बघत उभी.

वीस पावलांवर मुरमाचं टेकाड होतं. उन्हाळी पाणी तिथवर चढत नाही. उचलून ठेवायला किती वेळ लागतो? पण एकदा शेळ्यांच्या वाटेत सुरयाची दोन अंडी होती, ती मी अशीच उचलून लांब ठेवली होती. पाखरू दोन दिवस जुन्या खळग्यावर ओरडत फिरलं, अंडी दहा हातांवर असून त्याला दिसली नाहीत, उन्हानं शिजली. तो ओरडा माझ्या कानातून गेलेला नव्हता.

म्हणून या वेळी ठरवलं, सकाळी एक पाऊल, संध्याकाळी दीड पाऊल. नवा खळगा करायचा, खडे होते तसे मांडायचे, लेंड्यासुद्धा वेचून न्यायच्या, अंड्यांची निमुळती टोकं आत. टिटवी डोक्यावरून सूर मारायची. पदर ओढला तिनं दोनदा. ‘अगं बये, तुझ्यासाठीच करून राहिले,’ मी म्हणायची. मग वेलांच्या मागं जाऊन खाली बसायचं आणि श्वास धरून बघायचं. ती यायची, जुन्या जागी उभी राहायची, मान वाकडी करायची, दोन पावलं चालायची, बसायची. बसली की माझा दिवस सुरू व्हायचा.

असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी सकाळी गेले तर वाळूचा रंग बदललेला. पाणी दोन दिवस आधीच आलं होतं. पहिला खळगा बुडाला होता, दुसरा ओला होत होता, आणि टेकाड अजून साडेसात पावलं लांब. तासातासाला हलवायला लागले. तिसऱ्या वेळेला टिटवी बसायलाच येईना. नुसती वर घिरट्या, आणि तो आवाज. ऊन चढलं. अंड्यांवर माझी सावली धरावी तर मी असेपर्यंत ती येणार नाही. मी लांब गेले तर अंडी तापणार. शेवटी मागं हटले आणि वेलांत पालथी पडून राहिले. मुंग्या चावत होत्या. किती वेळ गेला देव जाणे. मग ती आली. पोटाच्या पिसांतनं पाणी ठिबकत होतं. जिथं घर होतं तिथं आता लाट होती, तिकडं बघितलं तिनं. आणि मग चालत चालत टेकाडाच्या पायथ्याशी आली आणि बसली. संध्याकाळपर्यंत मी तिला वर पोचवली. घरी गेले तर घरचे, म्हणजे तुझे आतोबा, म्हणाले, ‘तोंडाला माती का लागली?’ मी म्हटलं, पडले.

का सांगितलं नाही म्हणशील. टिटवीच्या अंड्याला हात लावू नये म्हणतात. त्यात पन्नाशी उलटलेली बाई भर उन्हात अंड्यांशी खेळून राहिली, हे ऐकून गावानं वर्षभर तेच चघळलं असतं.

रोहिणी लागली. मी काकड्या तोडत होते आणि काठानं मामा आले. मागं माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणते, आणि शेजारच्या दोघी. आक्काची ओळख करून देते. माझे दीर गेल्यापासून सहा एकराचं काळं रान तिच्या एकटीच्या अंगावर. बोलणं कुऱ्हाडीसारखं, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस तीच उशाशी होती. बाहेरचं बियाणं ती घेत नाही. घरचं सोयाबीन हातानं निवडायचं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते बघायचं, मग पेरायचं. बी तेवढंच. ते मातीत मेलं की दुसरं नाही.

मामा टेकाडाशी थांबले. टिटवी उठून ओरडायला लागली.

‘आरं वा! टेकाडावर!’ मामांनी काठी रोवली. ‘चार! टोकं कशी आत हायत बघा. यंदा मिरीग वाट बघत न्हाई. लवकर येतोय आन् धरून ठेवतोय. ज्येला धूळपेर करायची त्येनं खुशाल करावी.’

आक्का माझ्याकडं वळली. ‘धाकटे, तुझ्या वाडीपशी अंडी, आन् तू बोलली न्हाईस?’

‘ध्यान न्हाई गेलं, आक्का.’

‘हाव, काकडी चोरणाऱ्यावर बरं ध्यान जातंय तुझं.’

सगळ्या हसल्या. मीही हसले. तिथंच बोलायला पाहिजे होतं, पोरी. हसण्यात बोलून टाकलं असतं तर ते तेवढ्यावर भागलं असतं. मी तोंडात काकडी घातली.

धूळपेर म्हणजे पाऊस यायच्या आधी कोरड्या धुळीत पेरणी. काळ्या रानात पाऊस लई झाला की चिखल होतो, पाय ठेववत नाही, पेरणी हुकते. म्हणून मोठा पाऊस लवकर येणार अशी खात्री असली तर आधीच पेरून मोकळं व्हायचं. पण पाऊस नुसता शिंतोडे उडवून पळाला तर बी फुगतं, मोड येतो आणि मोड सुकतो. आक्का निघाली ती तिथनंच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावत निघाली. तीन दिवसांनी सकाळी पेरणी.

ते तीन दिवस मला जेवण गेलं नाही. आमच्या रानात मोटारीच्या पाण्यावरची हळद, आमच्यावर काही येणार नव्हतं, आणि तेच जास्त टोचत होतं. दुसऱ्या दिवशी घरच्यांना सांगितलं. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, ‘अंडी हलवली म्हून पाऊस हलतो का? खामखा डोक्याला ताप. गप बस.’

‘पाऊस हलत न्हाई, पण आक्का हलली ना,’ मी म्हटलं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. आभाळ बघावं तर निळंशार. एक ढग यायचा, मी अंगणात धावायची, ढग निघून जायचा. टेकाडावर टिटवी शांत बसलेली, जसं काही तिनंच ती जागा निवडली होती. मला तिचा राग यायला लागला, बघ.

तिसऱ्या सकाळी आक्काच्या रानाकडं निघाले ते जवळजवळ पळतच. बांधावर ट्रॅक्टर उभा, मागं पेरणीयंत्र. आक्का घोंगड्यावर बी पसरून बसलेली. शेजारी गुळाचं पाणी, आणि बियाला चोळायच्या जिवाणू खताची पुडी. ही पुडी फोडून बी चोळलं की ते त्याच दिवशी मातीत गेलं पाहिजे, मागं फिरता येत नाही. पुडीचा कोपरा तिच्या दातात होता.

‘आक्का, थांबा.’

‘काय गं? कुणी गेलं का?’

‘न्हाई. ती अंडी मी हलवली.’

दातातली पुडी तशीच. ‘कुठली अंडी?’

‘टिटवीची. पाण्याजवळ व्हती. खाली. पाणी सुटणार म्हून मी वर नेली. रोज एक एक पाऊल.’

तिनं पुडी हळूच बियावर ठेवली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

‘खाली म्हंजे किती खाली?’

‘पाण्याला लागून. वीस पावलं.’

‘आन् मामा बघत व्हते तवा तू काकडी खाऊन राहिली व्हतीस.’

‘हाव.’

‘तुला हात लावायला दुसरं काई घावलं न्हाई का गं? घरात भांडी सरली व्हती?’ मग ती बियाकडं बघून बोलली, माझ्याकडं नाही. ‘जा म्हणावं ट्रॅक्टरला.’

‘काकू, मी काय चहाला आलतो का?’ ट्रॅक्टरवाला म्हणाला.

‘चहा घेऊन जा. ही करंल. हिला हात चालवायची लई हौस हाय.’

मी चहा केला. तिच्याच चुलीवर. तिनं घेतला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडनं काळं झालं. मी ओसरीवर उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा मागितलं, की नको, आज नको. पण आला. तो आला आणि थांबलाच नाही. मामा म्हणाले होते तसाच, लवकर आला आणि धरून ठेवला. आठ दिवसांत गंगा वाळू गिळून टेकाडाच्या पायथ्याला लागली. ज्यांनी धूळपेर केली होती त्यांच्या रानात दोन दोन पानं उभी राहिली, आणि आक्काचं सहा एकर काळंभोर पाणी होऊन पडलं. उघडीप मिळेना, माती पेरणीजोगी सुकून वाफसा येईना. एका सकाळी मी बांधावर गेले. ती डोक्यावर पोतं घेऊन उभी होती. रानात पांढरे बगळे टोचत हिंडत होते.

‘बघ,’ ती म्हणाली. ‘माझ्या रानात बगळे पेरलेत.’

मला रडू फुटलं. ‘मी गप बसले असते तर आक्का…’

‘तर उगवलं असतं.’ तिनं डोक्यावरचं पोतं पुढं ओढलं. ‘आन् पाऊस आला नसता, तर बी गेलं असतं, आन् मंग कवातरी हे कळलं असतं. तवा मी तुझं तोंड बघितलं नसतं. आता रोज बघावं लागंल. खुरपायला ये.’

मिरगाला महिना उलटल्यावर, पुनर्वसूत, पेरायचं ते कसंबसं पेरलं. तणानं नको केलं. मी तिच्या रानात एक दिवस चुकवला नाही, पाठ मोडून गेली. काढणीला शेंगा अर्ध्या पोचट निघाल्या. पुढच्या सालचं बी मात्र तिनं त्यातनंच निवडलं, दाणा दाणा करून. मी शेजारी बसले होते, पण सुपाला हात लावू दिला नाही.

आणि टिटवी? पाऊस सुरू झाला त्याच्या आदल्या दिवशी चारही निघाली. पाय लांब, अंग कापसाच्या बोंडाएवढं. आई एक आवाज द्यायची की सगळी जागच्या जागी खडा होऊन जायची. मी अगदी पायापाशी शोधत होते तरी दिसेनात. पाणी चढलं तशी ती आईमागं चालत वर बांधावर गेली. हे मी आक्काला कितीतरी दिवस सांगितलं नाही. खुरपताना एकदा तोंडातनं निघून गेलं. ती खुरपं चालवत राहिली, आणि पार ओळ संपल्यावर म्हणाली, ‘चारी?’

‘चारी.’

‘मंग कुणाचं तरी पिकलं म्हणायचं.’

मामांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘सूनबाई, माझ्या डोळ्याला आता खडे आन् अंडी सारखीच दिसतात. पुढच्या साली तुमीच बघत जावा.’ आम्हाला वाटलं बोलायचं म्हणून बोलले, पण पुढच्या साली ते खरंच आले नाहीत. तेव्हापासून रोहिणीत काठानं आम्ही दोघी जावा फिरतो. आक्का पुढं, मी मागं, आणि माझे दोन्ही हात तिच्या हुकमानं पाठीमागं बांधलेले. अंडी दिसली की भोवती बाभळीच्या काट्या ती लावते. ‘हात मागं,’ म्हणते, ‘हात मागं.’ मग गावातल्या बाया विचारतात, ‘काय म्हणती टिटवी?’ आक्का सांगते, ‘टिटवीला इचारलं, आता हिला इचारा काई केलंय का.’

यंदाही अंडी घातली आहेत. परवा बघून आलो. उंचावर की पाण्याजवळ, तीन की चार, ते मी लिहिणार नाही. पण वरून पुन्हा पाणी सुटणार असा निरोप आहे, आणि काल आक्काच मला हळूच विचारून राहिली, ‘धाकटे, एक पाऊल म्हंजे नेमकं किती गं?’ मी तिच्याकडं बघितलं, तिनं दुसरीकडं बघितलं. आता आम्हा दोघींचा एकमेकींवर भरवसा राहिला नाही बघ. मध्ये तिसरं माणूस पाहिजे, अंडी पहिल्यांदा कुठं होती ते डोळ्यानं बघून गावाला खरं सांगणारं. तुझा मोबाईल त्या कामाला चालेल, फोटो काढून ठेव. लातूरहून नांदेडची येष्टी धर, तिथनं नायगाव, नायगावला मी ऑटो पाठवते. पाणी चढायच्या आत ये, पोरी. आठवडा हाय हातात, त्यातला एक दिवस तर तुझ्या कंबरेनंच खाल्ला असंल. लवकर ये.